साइड मार्जिनमधली झाडं

इमारतीच्या नकाशात झाड म्हणजे एक छोटं वर्तुळ. मधोमध टिंब, शेजारी आकडा. बांधकामाचा नकाशा मंजुरीला पाठवायचा तर प्लॉटवरच्या प्रत्येक झाडाचं असं वर्तुळ काढावं लागतं आणि सोबत तक्ता जोडावा लागतो: झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, उंची, आणि शेवटच्या रकान्यात ‘राहणार’, ‘हलवणार’ किंवा ‘काढणार’. माझी सगळी नोकरी आर्किटेक्टच्या ऑफिसात असे नकाशे काढण्यात गेली. आधी ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगची पेनं, नंतर कॉम्प्युटर. हुद्दा शेवटपर्यंत ‘ड्राफ्ट्समन’ असाच राहिला, बाई असले तरी. त्यातले पुष्कळ नकाशे मी राहते त्याच भागातले, म्हणजे पुण्यातल्या एरंडवण्यातले. प्रभात रोड, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोड आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या. त्यामुळे ‘किती छान झाडी आहे हो तुमच्याकडे’ असं पाहुणे म्हणाले की माझ्या डोळ्यांपुढे आधी तो तक्ता येतो.

झाडी छान आहे, यात वाद नाही. एप्रिलच्या भर दुपारी कर्वे रोडवरून आमच्या गल्लीत वळलं की डोक्यावरचा पदर खाली येतो, इतका फरक पडतो. पण ही झाडी इथली मूळची, जुन्या रानाची उरलीसुरली, असं समजून लोक हळहळतात, ते मात्र खरं नाही. इथे रान नव्हतंच. प्रभात स्टुडिओचे सुरुवातीच्या काळातले फोटो पाहा. मागे बोडकी टेकडी आणि पुढे माळ. ही सावली माणसांनी लावलेली आहे, आणि ती कुठे लावायची ते आधी कागदावर ठरलं होतं.

जागा कशी आहे ते सांगते. पुण्याचं जुनं गाव मुठेच्या उजव्या काठावर. लकडी पूल ओलांडला की डेक्कन जिमखाना, आणि तिथून पश्चिमेला जमीन हळूहळू चढत वेताळ टेकडीला भिडते. टेकडी म्हणायचं ते पुणेरी नम्रपणा म्हणून. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळाचा माथा ८०० मीटरवर. शहरातली सर्वांत उंच जागा ती. सह्याद्रीचे फाटे पूर्वेकडे उतरत येतात, त्यातलाच हा एक. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, चतुःशृंगी, लॉ कॉलेजची टेकडी ही सगळी एकाच कुटुंबातली. नदी आणि टेकडी यांच्या मधल्या पट्ट्यात एरंडवणे नावाचं खेडं होतं. शेती होती, बागा होत्या. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा डावा कालवा याच उतारावरून जात होता. आता पाणी नाही, पण ‘कॅनॉल रोड’ हे नाव राहिलं.

पेठांमधला माणूस इकडे आला त्याला दोन कारणं. एक प्लेग. १८९६-९७च्या साथीत आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा लोक घरं बंद करून गावाबाहेरच्या माळांवर झोपड्या बांधून राहिले, आणि वाड्यातल्या कोंदट खोल्यांपेक्षा उघड्यावर माणूस जगतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरं कारण संस्था. संस्थांना मोठी जागा लागते आणि पैसे कमी असतात, म्हणून त्या टेकडीच्या पायथ्याशी आल्या. १८८५ साली गावात सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज पुढे टेकडीखाली आलं. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तो याच रांगेत. १९०६ साली डेक्कन जिमखाना. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ साली हाती घेतलं आणि १९६६ साली पुरं झालं. आमच्याकडे काही कामांना इतका वेळ लागतो आणि कुणी कुरकुर करत नाही. १९२४ साली लॉ कॉलेज, १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था, १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संस्था. शंकर पुरुषोत्तम आघारकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. या संस्थांच्या आवारांत बांधकाम थोडं आणि मोकळी जमीन फार. आजही आकाशातून पाहिलं तर हिरवे मोठे ठिपके दिसतात ते त्यांचेच.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली आणि १९३३ साली इथे आली. बोलपटाला शांतता लागते, आणि तेव्हा इथे ती फुकट होती. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ इथे तयार झाले. १९४१च्या ‘शेजारी’चा शेवट धरण फुटण्याचा आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. माझ्या सासूबाई सांगायच्या, पाणी डेक्कनपर्यंत आलं आणि आमची गल्ली चढावर म्हणून सुटली. संध्याकाळी पेठांमधले नातेवाईक हातात मिळेल ते गाठोडं घेऊन दारात उभे. घरात नंतर कितीतरी दिवस वीसेक माणसांचा स्वयंपाक होत होता. प्रभात त्याआधीच, १९५३ साली, बंद पडली होती. १९६० साली त्या जागेत सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली, आणि आता तिथल्या आंब्याखाली पोरं जागतिक सिनेमावर भांडतात. रस्त्याला प्रभातचं नाव राहिलं.

संस्थांच्या मागोमाग प्रोफेसर, वकील, डॉक्टर, पेन्शनर आले. पाच-सहा गुंठ्यांपासून पंधरा गुंठ्यांपर्यंत प्लॉट पडले. जुन्या बंगल्यांचे मूळ नकाशे माझ्या हातात आलेत. निळ्या कागदावरचे, घड्यांवर फाटलेले. त्यांतला हिशेब बहुतेक सारखाच. प्लॉटच्या तिसऱ्या हिश्श्यात घर, बाकी मोकळं. घडीव काळ्या दगडाचं जोतं, पुढे पोर्च, व्हरांड्यात झोपाळा, मागे मोरी आणि आउटहाउस. आणि चारही बाजूंना कुंपणापर्यंत सोडायची जागा, जिला नकाशाच्या भाषेत मार्जिन म्हणतात. पुढची फ्रंट मार्जिन, बाजूची साइड मार्जिन. ही जागा सोडायची ती उजेड-वाऱ्यासाठी, आणि प्लेग पाहिलेल्या पिढीला ते पटवून द्यावं लागलं नाही. पण मोकळी जागा मोकळी ठेवणं मराठी माणसाला जमत नाही. तिथे आंबा आला, नारळ आला, शेवगा, पारिजातक, कढीपत्ता, कुंपणाला मेंदी. शेजारच्याचीही तेवढीच जागा मोकळी असल्यामुळे दोन घरांच्या मध्ये झाडांना ऐसपैस पट्टा मिळाला. आमच्या भागाची हिरवाई म्हणजे मुख्यतः साइड मार्जिन, दोन्ही अंगांनी जोडलेली.

रस्त्यावरची झाडं वेगळी. ती जवळजवळ सगळी पाहुणी. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतले, पिचकारी म्हणून ज्याच्या कळ्यांनी आम्ही पाणी उडवायचो तो आफ्रिकेतला. सोनमोहर त्यातल्या त्यात जवळचा, लंकेकडचा. भराभर वाढतात, फुलतात छान, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लावली. पर्जन्यवृक्षाची छत्री रस्त्याच्या दोन्ही कडा झाकते. त्याच्याखाली गाडी लावली तर टपावर चिकट थर बसतो आणि मालक महापालिकेला शिव्या घालतो. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहर हमखास आडवा होतो, मुळं उथळ असतात. तरी कुणी विचारलं, तुमच्या गल्लीचं झाड कोणतं, तर मी हाच कोसळणारा परदेशी इसम दाखवीन.

आता मुळांविषयी, कारण सगळं तिथे आहे. झाडाची मुळं त्याच्या उंचीइतकी खोल जातात असा बहुतेकांचा समज असतो. आमच्याकडे तर खोल जायला जागाच नाही. फूट-दोन फूट माती, मग मुरूम, मग काळा कातळ. मुळं आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे, आणि कामाची बारीक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात. बंगल्याचा पाया अरुंद चर खणून भरलेला, घराखाली तळघर नाही. त्यामुळे आंब्याची मुळं साइड मार्जिनमधून शेजारच्या हौदापर्यंत खुशाल जायची.

पुनर्विकासात बंगल्याच्या जागी सात-आठ मजले येतात. दहा-बारा कुटुंबं, प्रत्येकाच्या दोन गाड्या. त्या गाड्या खाली जातात. बेसमेंटसाठी खोदाई होते ती कुंपणाच्या अगदी जवळपर्यंत. वरून पाहिलं तर मार्जिन आहे तशी मोकळी असते, नियमाला धरून असते, नकाशात हिरव्या रंगानं भरलेली असते. पण त्या हिरव्या रंगाखाली स्लॅब असतो आणि स्लॅबवर दीड फूट माती. त्यात लॉन येतं, अरेका पाम येतो, पांढरा चाफा येतो. आंबा येत नाही. आणि ज्या जुन्या झाडापुढे ‘राहणार’ असं मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं, त्याची एका बाजूची मुळं खोदाईत साफ कापली गेलेली असतात. ते लगेच मरत नाही. बिल्डिंग पुरी होते, गणेशपूजन होतं, तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात शेंडा वाळायला लागतो. मग माळी म्हणतो कीड लागली. १९७५चा झाडं जपण्याचा कायदा आहे, २०२१मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मानही मिळाला. कुऱ्हाडीवर नजर ठेवायला हा कायदा बरा आहे. पोकलेन झाडापासून किती अंतरावर थांबलं, हे बघणारा माझ्या सबंध नोकरीत मला भेटला नाही.

बंगले पाडणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवत नाही. पाच भावंडांत एक घर, दोघं अमेरिकेत, एक बंगळुरात. गच्ची गळते, कौलं बसवणारा मिळत नाही, आणि खाली ऐंशी वर्षांची आई एकटी, तिला रात्री कुणी बेल वाजवली तर धडकी भरते. तिला लिफ्ट हवी, वॉचमन हवा, शेजार हवा. तो मिळतोच फ्लॅटमध्ये.

हेही सांगायला हवं, की ही सावली सगळ्यांच्या वाट्याची कधीच नव्हती. प्लॉट घेणारे बहुतेक एका जातीचे, एका शिक्षणाचे. टेकडीच्या त्याच रांगेला वळसा घालून पलीकडे गेलं की गोखलेनगर आणि जनवाडी. पानशेतच्या पुरात घरं गेलेल्यांना तिथे वसवलं. निसेन हट म्हणतात त्या अर्धगोल छपरांच्या घरांत कितीतरी कुटुंबांचे संसार झाले. जवळच वडारवाडी. दगड फोडून ज्यांनी शहर उभं केलं त्या वडार समाजाची वस्ती. आमच्या घडीव जोत्यांचे दगड घडवणारे हात त्यांच्यासारख्यांचे. वेताळ टेकडीच्या अंगावर खाणींचे खड्डे अजून दिसतात. मोठ्या खाणीत पाणी साठून तळं झालंय आणि लोक तिथे बगळ्यांचे फोटो काढतात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी जनवाडीतून टेकडीची वाट तुडवत यायच्या. लोक व्यायामासाठी चढायचे ती वाट त्यांना शॉर्टकट होती.

टेकडी हे आमच्याकडे क्रियापद असल्यासारखंच वापरतात. ‘टेकडी झाली का?’ असं विचारतात. पहाटे पाचपासून माणसं निघतात. कानटोपी, काठी, कुत्र्यांसाठी खिशात पारलेजी. मोठ्यानं ‘नमस्काऽर’ घालणारे एक आजोबा, त्यांना तितक्याच मोठ्यानं उत्तर देणारा घोळका, आणि वेताळबाबाच्या देवळापाशी राजकारण. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी मूळ गोव्याचे, राहायला भांडारकर इन्स्टिट्यूटच्या रस्त्याला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, जाणं-येणं डेक्कन क्वीननं, आणि उरलेला वेळ या टेकडीवर काठी घेऊन. लॉ कॉलेजच्या मागच्या उतारावर त्यांना नखाएवढी दगडी पाती सापडली, गारेची, अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली. पाऊलवाटा, देवस्थानं आणि ही पाती यांचा मेळ घालून त्यांनी जुन्या माणसाच्या वाटा शोधल्या. आपण ज्या वाटेवर कॅलऱ्या मोजतो तिथे हजारो वर्षांपूर्वी कुणी हत्याराला धार लावत बसलं होतं, हे कळल्यापासून मी चढताना पायाकडे बघते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचं घरही टेकडीजवळ आणि शेजार इरावती कर्व्यांचा. गाडगीळांचा मुलगा माधव पुढे पश्चिम घाटाचा अहवाल लिहिणारा परिसरशास्त्रज्ञ झाला. सगळीच मुलं टेकडीमुळे शास्त्रज्ञ होतात असं नाही. माझा मुलगा तिथे क्रिकेटच खेळला.

टेकडी आता बोडकी नाही. वनखात्यानं आणि हौशी मंडळींनी तिच्यावर झाडं लावली, त्यात गिरिपुष्प फार. मध्य अमेरिकेतलं झाड, कुठेही जगतं, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरतं. पण त्याच्याखाली दुसरं काही फारसं वाढत नाही. पुण्याला वर्षाचा पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटर. घाटमाथ्याच्या मानानं चूळ भरण्यापुरता. अशा पावसात या टेकड्यांचं खरं रूप म्हणजे गवत आणि त्यात विखुरलेली काटक झाडं: सालई, मोई, मेडशिंगी, हिवर, पळस. गणेर पानं टाकून पिवळ्याधमक फुलांनी उभा राहतो. पहिल्या पावसानंतर मुसळीची फुलं जमिनीतून डोकं काढतात. हे सगळं उघड्या जागेत येतं. बोडकी म्हणून जिची कीव केली ती टेकडी तेव्हा मेलेली नव्हती, उन्हाळ्यात गप्प होती इतकंच. तरी मोरांना गिरिपुष्पाची तक्रार नाही, आणि जूनच्या तोंडावर नवरंग पक्षी दिसला की कॅमेरेवाले अजून रांग लावतात.

टेकडीच्या पोटाचा प्रश्न मात्र निराळा. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या कडेनं रस्ता आणि तिच्याखालून बोगदे, असे बेत किती वर्षं कागदावर आहेत. लॉ कॉलेज रोड संध्याकाळी तुंबतो, त्यावर हा उपाय. त्याविरुद्ध २०२३ साली माणसं रस्त्यावर उतरली. ज्यांनी जन्मात मोर्चा पाहिला नव्हता असे पेन्शनर टोप्या घालून चालले. भूजलाचे अभ्यासक सांगतात की कातळाच्या थरांमधल्या भेगांतून टेकडीवरचं पाणी मुरतं आणि खालच्या विहिरी, बोअरना मिळतं. नकाशे काढणारी म्हणून मला दुसरीच गोष्ट दिसते. एखाद्या जागेत रस्ता एकदा आराखड्यावर आखला की तो पुसला जात नाही. तुटक रेघेत का होईना, राहतो, आणि पुढच्या पिढीतला कुणी तरी ती रेघ पक्की करतो.

आमच्या स्वतःच्या इमारतीचा पुनर्विकास आता ठरलाय. आमचा बंगला मुलांच्या शाळेच्या वयातच गेला, त्या जागी तीन मजली अपार्टमेंट आलं. आता त्याच्याही जागी दुसरं येणार. मागच्या साइड मार्जिनमध्ये बंगल्याच्या वेळचा एक हापूस आहे, सासऱ्यांनी लावलेला. पुण्यात हापूस आंबट होतो, पण लोणच्याला उत्तम. नव्या बेसमेंटची रेघ त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून जात होती. मी मीटिंगला स्केल आणि पेन्सिल घेऊन गेले आणि ती रेघ आत घेऊन दाखवली. बिल्डरचा माणूस म्हणाला, “काकू, दोन पार्किंग जातात.” मी म्हटलं, जातात. कुणाची जाणार, यावर सभागृहात जो आवाज चढला तो गल्लीत ऐकू गेला म्हणे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, आंबे वाटून मिळणार का. मिळतील म्हटलं. पाच विरुद्ध चार मतांनी रेघ आत आली. कोपऱ्यातली विहीर मात्र बुजणार, ती कुणाला नको होती, डास होतात म्हणून. दोन पार्किंगचा हिशेब अजून मिटलेला नाही. पुढच्या रविवारी साडेदहाला परत मीटिंग आहे.